वगाचं माहेर सावळज

कराड-वाळव्याकडं यात्रा जवळ आली की पारावर पहिला प्रश्न निघायचा, ‘औंदा फड कुणाचा?’ आणि लगेच दुसरा, ‘वग कंचा?’ गण झाला, गौळणीत मावशीनं कृष्णाची हजेरी घेतली, बतावणीत हशा पिकला, की उत्तररात्री वग लागायचा. म्हातारी माणसं त्यासाठीच घोंगडं घेऊन बसलेली असत.

हा वग तमाशात पहिल्यापासून नव्हता. रामजोशी, होनाजी, सगनभाऊ, परशराम यांचा तमाशा लावणीचा आणि कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाचा. १८१८ साली पेशवाई गेली, आश्रय आटला आणि फडांना खेडोपाडीच्या प्रेक्षकांवर जगायची वेळ आली. रात्रभर जागणाऱ्या गावाला नुसत्या लावण्या किती पुरणार? सलग गोष्ट आणली ती तासगाव तालुक्यातल्या सावळजच्या उमाबाबूनं. १८६५ चा त्याचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानतात.

त्याआधी बावीस वर्षं, ५ नोव्हेंबर १८४३ ला, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. सावळजही त्याच जिल्ह्यातलं, पण वगाचं नुसतं सालच हाती आहे. भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे पटवर्धन होते; उमाबाबू मांग समाजातला. तारीख कुणाची टिपली जाते आणि कुणाची नाही, हे यावरून ओळखावं.

वगाला ना पडदा लागतो, ना नेपथ्य. राजानं ढोलकीच्या ठेक्यावर बोर्डावर एक फेरी मारली की दरबाराचं जंगल झालं! गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पदं पाठ. मधली बोलणी मात्र जागच्या जागी रचायची. समोर कोण बसलंय ते बघून सोंगाड्या सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांना ओढणार. पदाची ओळ संपत आली की मागं तुणतुणं-झांजवाले झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ती उचलून धरतात.

पुढं वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कुलकर्ण्यानं, म्हणजे पठ्ठे बापूरावांनी, वतनदाराचं घर सोडून फड धरला. त्यांचा ‘मिठाराणी’ वग गाजला. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी गौळण गाळली, गणात देवाच्या जागी मायभूमीला वंदन केलं आणि वगात गिरणीकामगार-शेतकरी उभे केले. त्यांनी त्याला लोकनाट्य म्हटलं. पण हाड वगाचंच. मिरजेजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचा ‘जहरी प्याला’ बघायला तर लोक बैलगाड्या जुंपून जात.

आता फड येतात, पण पब्लिक सिनेमाची गाणी मागतं आणि वग कापला जातो. तुम्ही यंदा यात्रा कमिटीत असाल तर सुपारी देतानाच सांगा: गाणी दोन कमी चालतील, वग पुरा झाला पाहिजे.