जंगलात दोन रात्रींचा मुक्काम: ग्रुपने कॅम्पिंगला जाण्यापूर्वी आरोग्याची तयारी कशी करावी?

"डॉक्टर, बाबांना शुगर आहे. सगळे मिळून किनवटच्या जंगलात दोन रात्री राहायला चाललोय. त्यांना नेऊ का?" दिवाळी आणि डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न हमखास येतो. लातूर जिल्ह्यात जंगल जवळपास नाहीच. त्यामुळे लातूर आणि नांदेडचे बरेच ग्रुप नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, किनवट-माहूरच्या सागवानी जंगलाकडे, सहस्रकुंड धबधब्याकडे किंवा पैनगंगा अभयारण्याच्या परिसरात जातात.

बहुतेक वेळा उत्तर "हो, न्या" असेच असते, पण तयारी करून. शहरात दहा मिनिटांत दवाखाना गाठता येतो, जंगलात त्यालाच काही तास लागू शकतात. ते तास निभावून नेण्याची तयारी कशी करायची, हे या लेखात पाहू.

महत्त्वाचे मुद्दे

- जुना आजार असलेल्यांनी किमान दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे.
- आपला आजार ग्रुपमधील किमान दोघांना सांगून ठेवावा.
- सर्वांत जवळचे सरकारी रुग्णालय आणि तिथवरचा रस्ता निघण्यापूर्वी माहीत असावा.
- साप चावल्यास बांधू नका, कापू नका, चोखू नका. थेट रुग्णालयात न्या.
- परतल्यानंतर तीन आठवड्यांत ताप आला, तर जंगलात राहून आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोणी जाऊ नये?

पुढील व्यक्तींनी सध्या तरी दूरच्या जंगलात मुक्काम टाळावा:

- नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, किंवा थोडे चालले तरी छातीत दुखणारे रुग्ण
- बसल्या जागी किंवा चार पावलांत दम लागणारे दम्याचे व हृदयाचे रुग्ण
- औषधे चालू असूनही वारंवार फिट येणारे रुग्ण
- डायलिसिसवर असलेले रुग्ण
- शेवटच्या तीन महिन्यांतील किंवा गुंतागुंत असलेल्या गर्भवती
- सिकलसेलचे रुग्ण, ज्यांना अलीकडेच तीव्र वेदनांचा त्रास झाला आहे

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा आटोक्यात असलेला दमा असणाऱ्यांना सहसा हरकत नसते.

लपवलेला आजार सर्वांत धोकादायक

लातूरच्या शिकवणीतल्या किंवा कॉलेजच्या मुलामुलींचा ग्रुप असेल, तर हा भाग नीट वाचा. मित्रांना कळू नये म्हणून फिटच्या गोळ्या घरी ठेवून जाणारी मुले असतात. त्यातच रात्रभर जागरण होते, जेवणाची वेळ चुकते, कधी दारूचा आग्रह होतो. या सगळ्या गोष्टी फिट येण्यास पुरेशा आहेत. ती फिट नदीत किंवा शेकोटीजवळ आली, तर जिवावर बेतू शकते.

आईवडिलांनी मुलाला ओरडण्याऐवजी त्याच्या एका विश्वासू मित्राशी बोलावे. त्या मित्राला एवढे माहीत असले तरी पुरते: फिट आल्यावर आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करायच्या, रुग्णाला कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचे नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर लगेच रुग्णालयात न्यायचे.

प्रत्येकाने खिशात एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर नाव, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे आणि घरच्यांचा फोन नंबर लिहावा.

मधुमेह असलेल्यांसाठी

- औषधे लागतात त्याच्या दुप्पट न्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक पिशवी हरवली तरी अडचण होत नाही.
- वापरात असलेले इन्सुलिन साधारण २५ ते ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते. तरी आपल्या इन्सुलिनच्या माहितीपत्रकावरील मुदत पाहून घ्या. उन्हात उभ्या गाडीत ते कधीही ठेवू नका. फ्रीज नसेल तर कुपी कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओले फडके गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात सावलीत ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.
- दिवसभर चालण्याने साखर एकदम उतरू शकते. थरथर, घाम, धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर साखर तपासा. ७० पेक्षा कमी असेल, किंवा तपासण्याची सोय नसेल, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बरे वाटल्यावर भाकरी, बिस्किटे असे काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.
- पायात बूट-मोजे हवेतच. रात्री झोपण्यापूर्वी टॉर्चने तळपाय पाहा. मधुमेहात काटा रुतलेला कळत नाही.
- उलट्या-जुलाब सुरू झाले तर मधुमेहाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करू नका.

साप चावल्यास

महाराष्ट्रात मृत्यूला कारण ठरणारे प्रमुख साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. कॅम्पिंग करणाऱ्यांनी यांपैकी मण्यारीची विशेष काळजी घ्यावी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडखळतो. "रात्रीचे मटण बाधले असेल" म्हणून घरगुती उपाय करत बसण्यात मोलाचे तास जातात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी झाली आणि पापण्या उघडेनात, तर दंश दिसो वा न दिसो, सर्पदंश समजूनच निघा.

काय करावे:

- रुग्णाला धीर द्या, चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीच्या आधाराने स्थिर ठेवा.
- अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढा.
- १०८ वर फोन करा. रेंज नसेल किंवा रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल, तर आपल्या गाडीनेच निघा.

काय करू नये:

- दोरी किंवा रुमाल करकचून बांधू नका. त्याने हातपाय गमावण्याची वेळ येऊ शकते.
- ब्लेडने कापणे, रक्त चोखणे, बर्फ लावणे, झाडपाला बांधणे टाळा.
- साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. इथे वापरली जाणारी सर्पविषरोधक लस या चारही सापांवर चालते.
- मांत्रिकाकडे किंवा आधी देवळात नेऊ नका. देवदर्शन बरे झाल्यावर करता येते.

ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण साप मुलाला पाहून कमी विष सोडत नाही. त्रास दिसत नसला तरी २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली राहावे.

दंश टाळण्यासाठी तंबूची चेन पूर्ण बंद ठेवा. उघड्यावर झोपायचे असेल तर खाटेवर, कडा नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपा. रात्री लघवीला जाताना बूट आणि टॉर्च हवेच. सरपण गोळा करताना हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहा.

विंचवाचा दंश

विंचू चावल्यावर जागा खूप दुखते, ती वेदना सहसा बरी होते. पण लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते. दरदरून घाम, उलट्या, थंडगार हातपाय, धडधड किंवा दम लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत, विशेषतः मुलांमध्ये. यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर आणला तो आपल्या जालना जिल्ह्यात जन्मलेल्या आणि महाडला काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हे औषध रक्तदाब पाहूनच द्यावे लागते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यावे. सकाळी बूट झटकून मगच घाला.

आग्या मोहोळ

झाडावर किंवा कड्यावर मोहोळ दिसले तर तिथे तंबू टाकू नका, शेकोटी तर नकोच. धुराने माशा उठतात. माशा उठल्यास डोके-चेहरा कपड्याने झाकून सरळ दूर पळा आणि गाडीत शिरून काचा लावा. पाण्यात उडी मारू नका, माशा वर घिरट्या घालत राहतात. नंतर नांग्या नखाने किंवा कार्डाने खरवडून लवकर काढा. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, चक्कर यांपैकी काही दिसले, किंवा खूप माशा चावल्या असतील, तर लगेच रुग्णालयात न्या.

पाणी, ऊन आणि थंडी

- पिण्याचे पाणी घरून न्या. नदी-ओढ्याचे पाणी गाळून, खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नका. क्लोरीनची गोळी वापरल्यास किमान अर्धा तास थांबा. ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा.
- सहस्रकुंडसारख्या ठिकाणी खडक निसरडे असतात आणि वर पाऊस झाला की पाणी अचानक वाढते. पोहता येते म्हणून उतरू नका. दारू पिऊन तर नाहीच.
- एप्रिल-मे मध्ये नांदेड भागात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्या काळात वृद्ध, लहान मुले आणि हृदयरुग्णांना नेऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.
- थंडीत बंद तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच दगावतो.
- दम्याच्या रुग्णांनी इनहेलर उशाशी ठेवावा आणि शेकोटीच्या धुरापासून लांब बसावे.

मदत कुठे मिळेल?

नांदेडहून किनवट सव्वाशे किलोमीटरहून जास्त आहे, लातूरहून तर निम्मा दिवस प्रवासातच जातो. किनवटजवळ गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, माहूरला ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी नांदेडचे विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. किनवटहून तेलंगणातील आदिलाबाद नांदेडपेक्षा जवळ पडते, तिथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी रुग्णालयाला फोन करून सर्पविषरोधक लस उपलब्ध आहे का, हे विचारा. असे विचारण्यात काहीही गैर नाही.

मुक्कामासाठी वन विभागाची परवानगी घ्या, म्हणजे तुम्ही कुठे आहात याची कोणाला तरी नोंद राहते. एक गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी ठेवा. तिचा चालक त्या रात्री दारू पिणार नाही, हे आधीच ठरवा. मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा दिवसाउजेडी सर्वांना दाखवून ठेवा.

प्रथमोपचाराच्या पेटीत काय असावे?

पॅरासिटामॉल, ओआरएस, ॲलर्जीची गोळी, जखमेसाठी औषध व पट्ट्या, क्रेप बँडेज, चिमटा, थर्मामीटर, डास पळवणारे मलम, ग्लुकोज पावडर, टॉर्च आणि जादा सेल. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, तेही पाहून घ्या. कुत्रा किंवा माकड चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

परतल्यानंतर

घरी आल्यावर अंघोळ करून काख, जांघ, कंबर, कानामागचा भाग तपासा. गोचीड असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा. तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस यांचा विचार करावा लागतो. स्क्रब टायफसमध्ये बारीक किड्याच्या चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नसल्याने रुग्णाला माहीतही नसते. वेळीच योग्य औषध सुरू झाले तर हा आजार लवकर आटोक्यात येतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. म्हणून "साधा ताप आहे" म्हणून दुकानातून गोळ्या घेऊ नका.

राहिला बाबांचा प्रश्न. साखर आटोक्यात असेल, पायाला जखम नसेल, औषधे दुप्पट घेतली असतील आणि साखर उतरल्यावर काय करायचे हे सोबतच्या दोघांना माहीत असेल, तर बाबांना जरूर न्या.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या प्रकृतीनुसार आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)