पोरगं परदेशात, गाडी दारात: मागे राहिलेल्या गाडीची काळजी कशी घ्यायची

चाकण : चाकण-पिंपरी पट्ट्यातून नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या तरुणांची संख्या आता गावोगावी दिसते. कोणी कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी जर्मनीला जातं, कोणी हिंजवडीच्या आयटी कंपनीतून अमेरिकेला, तर कोणी आखाती देशात. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, तेव्हापासून जर्मनी हे नाव खेड तालुक्याला नवं राहिलेलं नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करारही केला.

माणूस विमानात बसतो, पण त्याची गाडी इथंच राहते. मोशी-चिखलीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नाहीतर गावी वडिलांच्या अंगणात. "गाडी तर उभीच आहे, तिला काय होतंय" असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. आणि कागदावर ज्याचं नाव आहे त्याची जबाबदारी तो सातासमुद्रापार असला तरी संपत नाही. दोन्ही गोष्टींची सोय निघण्याआधीच लावावी लागते.

आधी ठरवा: ठेवायची की विकायची?

सहा महिन्यांत परत येणार असाल तर गाडी ठेवायला हरकत नाही. एक-दोन वर्षांचा प्रश्न असेल आणि घरात परवाना असलेलं, गाडी नियमित चालवणारं माणूस असेल, तरीही ठेवता येते. पण तीन-चार वर्षं यायचं नाही आणि घरी चालवणारं कोणी नाही, तर विकलेली बरी. गाडीची किंमत दरवर्षी घटते. वर विमा, सर्व्हिसिंग आणि बॅटरी-टायरचा खर्च चालूच राहतो.

विकायची असेल तर नाव बदलण्याचं काम जाण्याआधी पूर्ण करा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधारचा ओटीपी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हे सगळं समोर हजर असताना सोपं जातं. परदेशातून विकायचं म्हटलं की कुलमुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागतं आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

नाव ज्याचं, जबाबदारी त्याची

आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार म्हणजे गाडी मित्राला किंवा भावकीत देऊन टाकायची, थोडे पैसे घ्यायचे आणि "नाव नंतर करू" म्हणून निघून जायचं. यात सगळ्यात मोठा धोका आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी हातोहात विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली.

म्हणजे जर्मनीत बसलेल्या पोराच्या नावावरची गाडी इथं दुसऱ्याच्या हातून कोणाला धडकली, तर नोटीस पोराच्याच नावाने निघणार. विमा चालू असेल आणि चालवणाऱ्याकडे वैध परवाना असेल, तर विमा कंपनी भरपाई देते. परवाना नसेल, तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. विमाच नसेल, तर पूर्ण रक्कम मालकाच्या खिशातून जाते. अशी रक्कम लाखांत असते. त्यापायी जमीन विकायची वेळ येऊ शकते.

गाडी घरीच वापरात राहणार असेल, तर ती वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर करणं हा सरळ मार्ग आहे. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांच्या एमएच-१४ गाड्यांचं काम मोशीच्या आरटीओत होतं, अर्ज परिवहन पोर्टलवर करता येतो. नाव बदललं की १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवा. आरसीवर एक नाव आणि पॉलिसीवर दुसरं राहिलं तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

कोणाच्या हातात चावी द्यायची?

चावी एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. गावात गाडी दारात दिसली की लग्न, जत्रा, देवदर्शन, दवाखाना अशा कारणांनी मागायला माणसं येतात. नाही म्हणणं जड जातं, म्हणून नियम आधीच ठरलेले बरे.

पहिला नियम, परवाना नसलेल्याला चावी नाही. विनापरवाना माणसाला गाडी चालवू दिली तर मालकाला ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

दुसरा नियम, १८ वर्षांखालच्या पोराला तर अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते. पुतण्याने बुलेट नुसती चौकापर्यंत नेली म्हणून हे कलम टळत नाही.

तिसरा नियम, पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने लावायची नाही. एमआयडीसीत कंपन्यांचे कामगार ने-आण करायला गाड्या लागतात, त्यामुळे "उभी ठेवण्यापेक्षा कंपनीला लावू" हा विचार घरोघरी होतो. पण खासगी गाडी भाड्याने चालवणं हा परमिटचा भंग आहे. दंड १० हजार रुपयांपर्यंत जातो. त्यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

आणखी एक बाब घरच्यांना माहीत नसते. पॉलिसीतलं १५ लाखांचं सक्तीचं अपघाती संरक्षण फक्त मालक-चालकासाठी असतं. मालक परदेशात आणि गाडी भाऊ चालवतोय, तर भावाला त्याचा लाभ नाही. त्याच्यासाठी आणि आत बसणाऱ्यांसाठी वेगळं संरक्षण थोडा हप्ता भरून घेता येतं.

विमा बंद करू नका

गाडी उभीच आहे म्हणून विमा न भरणं ही सर्वांत महागात पडणारी बचत आहे. थर्ड पार्टी विमा नसताना गाडी रस्त्यावर आली तर पहिल्या वेळी २ हजार, दुसऱ्या वेळी ४ हजार रुपये दंड आहे, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गाडी अंगणातून गॅरेजपर्यंत नेली तरी ती रस्त्यावर आलीच.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरी, आग, पूर, झाड पडणं यांची भरपाई मिळत नाही. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी पेटली आणि गाडी जळली, तर त्यासाठी पूर्ण विमाच हवा. दावा न केलेल्या वर्षांची सवलत, म्हणजे एनसीबी, ५० टक्क्यांपर्यंत जाते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की ती सवलत बुडते. गाडी विकून जात असाल तर एनसीबीचं पत्र कंपनीकडून मागून घ्या. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर ती सवलत तिच्यावर मिळते.

गाडी काही महिने कुलूपबंद उभी राहणार असेल, तर तसं विमा कंपनीला लेखी कळवून हप्त्यात काही सूट बसते का, हे जरूर विचारा. इंग्लंडमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवलं की कर आणि विम्यातून सुटका होते. जर्मनीत नोंदणी तात्पुरती उतरवता येते. आपल्याकडे खासगी गाडीचा कर एकरकमी आधीच भरलेला असतो, त्यामुळे कराचा तसा परतावा धरून चालू नका.

मोबाईल नंबर चालू ठेवा

आरसी, विमा, फास्टॅग, ई-चलन या सगळ्यांचे मेसेज एकाच नंबरवर येतात. तो सिमकार्ड बंद पडला की सगळं अडतं. ९० दिवस काहीच वापर नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली, तर नंबर बंद होऊ शकतो. म्हणून सिम घरच्यांच्या फोनमध्ये टाका आणि रिचार्ज चालू ठेवा. नाहीतर वाहन पोर्टलवर नंबर बदलून घ्या. ई-चलन दर महिन्याला एकदा बघा, म्हणजे गाडी कोण कुठं नेतंय हेही कळतं.

गाडीवर कर्ज असेल तर हप्ता कोणत्या खात्यातून जातो ते तपासा. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. त्या बदलात हप्त्याची सूचना बंद पडली तर थकबाकी होते.

जाण्याआधी तीन तारखा कागदावर लिहून काढा: विमा, पीयूसी आणि पासिंग. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहा.

गाडीची निगा

चालवा, नुसती स्टार्ट करू नका. घरची माणसं आठवड्यातून एकदा गाडी स्टार्ट करून पाच मिनिटांत बंद करतात. यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. स्टार्ट करायला गेलेली बॅटरीही भरून येत नाही. त्यापेक्षा १५ दिवसांतून एकदा १५-२० किलोमीटर चालवून आणा. एसीही लावा. चालवणारं कोणी नसेल तर स्टार्ट न केलेलीच बरी.

बॅटरी. महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची वायर काढा. आधी निगेटिव्ह काढायची. जोडताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. वायर काढल्यावर रिमोट चालत नाही, म्हणून दरवाजा चावीने उघडतो ना ते आधी बघा. दर दोन-तीन महिन्यांनी बॅटरी चार्जिंगला लावा. रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुन्हा धड चार्ज होत नाही.

टायर. हवा थोडी जास्त भरा आणि महिन्यातून एकदा गाडी वीतभर पुढं-मागं सरकवा, म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही. दुचाकी मधल्या स्टँडवर लावा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी जुना टायर कडक होतो, चिरतो.

हँडब्रेक. ओढून ठेवू नका. मावळ-खेडच्या पावसाळ्यात ब्रेक ड्रमला धरतात आणि चाक फिरत नाही. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दोन्ही बाजूंनी विटा किंवा लाकडी ठोकळे लावा.

इंधन. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं. सहा महिन्यांहून जास्त उभी राहणाऱ्या पेट्रोल कारमध्ये पेट्रोल कमी ठेवा, सुरू करताना ताजं भरा. डिझेलची टाकी मात्र भरलेली ठेवा. जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकीचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो.

उंदीर. गावाकडे गाडीचा पहिला वैरी हाच. कांदा चाळ, धान्याची पोती, कडबा, पशुखाद्य यांच्याजवळ गाडी लावू नका. उंदीर-घुशी बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरिंग कुरतडतात. बदलायला हजारो रुपये लागतात. गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

कव्हर. प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत ओल कोंडते आणि पत्रा गंजतो. हवा खेळणारं कापडी कव्हर घाला, पत्र्याच्या शेडखाली लावा. झाडाखाली चीक आणि पक्ष्यांची घाण पडून रंग जातो. सोसायटीत असेल तर समितीला लेखी कळवून ठेवा. रस्त्याकडेला सोडलेली धूळखात गाडी बेवारस समजून उचलली जाऊ शकते.

इलेक्ट्रिक गाडी. मोठी बॅटरी पूर्ण भरून किंवा रिकामी करून ठेवू नका. साधारण निम्मी ठेवा आणि अधूनमधून तपासा. तिच्यातही छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते, तिचीही काळजी घ्या.

ऑइल. गाडी फिरली नाही तरी इंजिन ऑइल वर्षातून एकदा आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांतून एकदा बदला.

परत आल्यावर

आल्या दिवशी उत्साहात सेल्फ मारू नका. आधी विमा आणि पीयूसीची तारीख बघा. मग बॉनेट उघडून उंदराचं घरटं, कुरतडलेल्या वायर, ऑइल आणि कूलंटची पातळी तपासा. टायरमध्ये हवा भरा, बॅटरी जोडा. सुरू झाल्यावर अंगणातच दोन-चार वेळा ब्रेक दाबून पाहा. वर्षभराहून जास्त उभी असेल तर मेकॅनिकला घरीच बोलवा, नाशिक-पुणे हायवेवर काढू नका.

हे सगळं लक्षात राहणं अवघड आहे, म्हणून जाणाऱ्याने एका कागदावर लिहून तो आरसीच्या झेरॉक्ससोबत घरी ठेवावा: चावी कोणाकडे, कोणी चालवायची, विमा-पीयूसी-पासिंगच्या तारखा, पॉलिसी नंबर, मेकॅनिकचा नंबर, फास्टॅग कोणत्या बँकेचा. घरच्या माणसाला गाडी मागायला कोणी आलं, तर तोच कागद दाखवून नाही म्हणता येतं.