अ‍ॅडमिरल आवटींची दुसरी इनिंग

मंडळी, मिनेसोटात राहणाऱ्याने समुद्रावर लेख लिहावा हे जरा धाडसाचेच! आमच्या ईडन प्रेरीत रायली, स्टेअरिंग अशी तळी आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्यावरून चक्क चालत जाता येते. खारा समुद्र पाहायचा तर विमानतळच गाठावा लागतो. तरीही आपल्या जवळच्या व्हाइट बेअर लेकच्या गेरी स्पीस यांनी घरच्या गॅरेजमध्ये दहा फुटी ‘यांकी गर्ल’ बांधली आणि १९७९ साली एकट्याने ५४ दिवसांत अटलांटिक ओलांडला. त्यांच्याविषयी वाचताना मला सारखी आठवण होत होती ती एका मराठी दर्यावर्द्याची, व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांची.

आपण शाळेत जो इतिहास शिकलो त्यात मराठी आरमार शिवरायांपासून सुरू होते, कान्होजी आंग्र्यांच्या काळात ऐन भरात येते आणि १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी जळून संपते. पुढची पाने कोरी. स्वतंत्र भारताच्या नौदलातही आपली माणसे होती, मोठ्या हुद्द्यांवर होती, हे मला तरी कोणी शाळेत सांगितले नाही. म्हणून हा लेख.

आवटींचा जन्म ७ सप्टेंबर १९२७ रोजी सुरतेत झाला. १९४५ मध्ये ते तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले आणि इंग्लंडमध्ये डार्टमथ येथे शिकले. पुढे ‘बेतवा’, ‘म्हैसूर’ अशा युद्धनौकांची सूत्रे त्यांनी सांभाळली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे ते प्रमुख होते, आणि १९८३ साली पश्चिम नौदल विभागाचे मुख्याधिकारी म्हणून निवृत्त झाले.

त्यांच्या सेवेतला कसोटीचा काळ म्हणजे १९७१ चे युद्ध. विमानवाहू ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती, पण तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी. शत्रूच्या पाणबुडीला याहून सोपे सावज कोणते? म्हणून तिच्याभोवती पाणबुडीविरोधी नौकांचे कडे होते. त्यांपैकी ‘कामोर्ता’वर कॅप्टन आवटी होते. ‘विक्रांत’वरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार भाजून काढले, तर जहाजांनी पूर्व पाकिस्तानची समुद्रातून कोंडी केली. या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळाले.

इथपर्यंतची कारकीर्द कोणत्याही मोठ्या अधिकाऱ्याला शोभावी अशीच. मला विशेष वाटते ते पुढचे. निवृत्तीनंतर ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णीला राहायला गेले. फलटण तालुका म्हणजे दुष्काळी मुलूख, समुद्र कुठल्या कुठे! पण समुद्र काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १९७८ मध्येच त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली होती. नुसता इतिहास जपून भागणार नव्हते. तो पुन्हा घडवायचाही होता.

जगाला एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून पहिली प्रदक्षिणा घातली ती इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये. त्यांची ३२ फुटी ‘सुहैली’ कुठे बांधली होती ठाऊक आहे? आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात! बोट आपल्या कारागिरांनी बांधावी, आणि पुढची चाळीस वर्षे एकाही भारतीयाने एकट्याने अशी प्रदक्षिणा घालू नये, हे मला फार बोचते.

२००६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आवटींनी नौदलापुढे प्रस्ताव ठेवला. माणूस भारतीय हवा, बोट भारतात बांधलेली हवी. हाताशी ना हुद्दा, ना कार्यालय. पण नौदलाने होकार दिला. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. त्यांनी याआधी असे काही केले नव्हते, म्हणून ते काही काळ खुद्द नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकले. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटी बोट तयार झाली. नाव ठेवले ‘म्हादेई’, मांडवी नदीचे मूळ नाव.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. या प्रवासात पनामा किंवा सुएझचा जवळचा रस्ता चालत नाही. ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप, ही तिन्ही टोके ओलांडावी लागतात. दक्षिणेकडच्या त्या समुद्रात वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा डोंगराएवढ्या होतात. चार बंदरांत थांबून दोंदे १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

पण गोष्ट इथे थांबली नाही. दोंद्यांना किनाऱ्यावरून मदत करणारा तरुण अधिकारी अभिलाष टॉमी याने २०१२-१३ मध्ये त्याच ‘म्हादेई’तून, कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. मग दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’तून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलातल्या सहा मुली निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. आवटी तेव्हा हयात होते. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला, ९१ व्या वर्षी, विंचुर्णीत त्यांचे निधन झाले. २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोन अधिकारी ‘तारिणी’तूनच जगप्रदक्षिणा करून आल्या.

आम्हा आयटीवाल्यांच्या प्रोजेक्टमध्ये शेवटच्या आठवड्यात ‘नॉलेज ट्रान्सफर’ नावाचा सोहळा असतो. चार फाइल्स, दोन मीटिंगा, आणि माणूस मोकळा! आवटींनी तेच काम निवृत्तीनंतर तेवीस वर्षांनी सुरू केले, आणि ते त्यांच्यामागेही चालू राहिले. ते स्वतः कधी अशा प्रदक्षिणेला गेले नाहीत. बोट दुसऱ्याने बांधली, शीड तिसऱ्याने उभारले. आग्रह तेवढा त्यांचा.

आपण सातासमुद्रापार आलो ते विमानाने, जेवणाचा ट्रे मांडीवर घेऊन. इथे भेटलो की एकमेकांचे पद विचारतो, आणि मुलांनी कोणत्या पदाला पोहोचावे याचीही चर्चा करतो. आवटींपाशी पदे भरपूर होती. पण ‘म्हादेई’ तरंगली ती सगळी पदे उतरवून ठेवल्यानंतर. आपल्या मंडळातल्या नुकत्याच निवृत्त झालेल्या काका-मावशींना आता ‘वेळ कसा जातो?’ असे विचारण्याऐवजी ‘पुढे काय काढताय?’ असे विचारायला हवे.