मत्स्यालयातील वनस्पतींची छाटणी

काचेच्या टाकीतील जिवंत पाणवनस्पतींची वाढ आटोक्यात ठेवून त्यांना आकार देण्याचे तंत्र. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या मांडणीशैलीमुळे या किचकट कामाला कलेचा मान मिळाला.

हत्यारे मोजकीच: लांब दांड्याची स्टेनलेस स्टीलची कात्री, तळाशी पसरणाऱ्या रोपांसाठी वाकड्या पात्याची कात्री आणि लांब चिमटा. बोथट कात्री देठ चिरडते. चिरडलेला भाग कुजतो.

रोटालासारख्या खोडवाल्या रोपाचा शेंडा पेराच्या किंचित वर कापतात. पेरातून बहुधा दोन फुटवे येतात आणि झुडूप दाट होते. कापलेला शेंडाही वाया जात नाही. खालची पाने खुडून वाळूत खोचला की त्याला मुळे फुटतात. अनुबियासचे जुने पान मात्र देठासकट, आडव्या खोडाला धक्का न लावता काढावे लागते.

तरंगणारे तुकडे लगेच जाळीने उचलतात, नाहीतर फिल्टर तुंबतो.