क्षणाला नाव देणारे तर्कशास्त्र

'गेलेली वेळ पुन्हा येत नाही' हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शाळकरी मुलालाही समजणारे हे सत्य तर्कशास्त्राच्या एका प्रतिष्ठित शाखेला आपल्या भाषेत मांडता येत नव्हते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. ही उणीव कशी भरून निघाली, याचा इतिहास विसाव्या शतकातील आहे. त्याची मुळे मात्र धर्मचिंतनाच्या जुन्या प्रश्नांत आहेत. म्हणूनच तो येथे थोडक्यात सांगावा असे आम्हांस वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमची पहिली अडखळण होते ती ॲरिस्टॉटलच्या एका प्रश्नापाशी. उद्या समुद्रावर लढाई होईल, हे विधान आजच सत्य असेल, तर ती लढाई टाळणे कोणाच्या हाती उरते काय? या प्रश्नातून 'शक्य' आणि 'अपरिहार्य' या शब्दांचा विचार सुरू झाला. एखादी गोष्ट आहे किंवा नाही, एवढेच न सांगता ती असू शकते की असलीच पाहिजे, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला मोडल लॉजिक म्हणतात. १९१८ मध्ये सी. आय. लुइस या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने त्याला आधुनिक चिन्हांचे रूप देण्यास आरंभ केला.

आपल्या कथेचा नायक आर्थर प्रायर हा १९१४ साली न्यूझीलंडमधील मास्टरटन येथे मेथडिस्ट कुटुंबात जन्मला. तरुणपणी तो प्रेसबिटेरियन पंथात गेला व डनेडिन येथे त्याने ईशज्ञानाचा अभ्यास केला. परमेश्वराला सारे आधीच ठाऊक असेल, तर मनुष्य स्वतंत्र कसा, हा प्रश्न त्याला छळत असे. पुढे त्याची श्रद्धा ओसरली, तरी या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. प्राचीन ग्रीक विचारवंत डायोडोरस याचा अभ्यास करताना त्याच्या ध्यानी आले की 'कधीतरी होईल' हे शब्द 'शक्य आहे' या शब्दांसारखेच चालतात. मग भूत आणि भविष्य यांचेही तर्कशास्त्र का असू नये? १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्याने दिलेली व्याख्याने याच विषयावर होती. १९५७ मध्ये ती ग्रंथरूप झाली.

प्रायरच्या या शास्त्रात 'कधीतरी झाले होते', 'कधीतरी होईल', 'आजवर नेहमी असेच होते' आणि 'यापुढे नेहमी असेच असेल' अशी चार पदे होती. पण त्यात एक अडचण होती. काळ रहाटगाडग्यासारखा फिरत असेल, तर तोच क्षण फिरून येईल. तो सरळ पुढे जात असेल, तर हुबेहूब तसाच, पण नवा क्षण येईल. या दोहोंतील भेद त्या भाषेला सांगता येत नसे. पाऊस पडला होता, पुन्हा पडेल, एवढे ती सांगे; पण तो दिवस 'तोच' की 'तसाच', हे सांगण्यासाठी दिवसाला नाव हवे, आणि नावे तिच्यापाशी नव्हती.

प्रायरने १९६० च्या दशकात यावर उपाय योजला. केवळ एकाच क्षणी सत्य असणारे विधान त्याने त्या क्षणाचे नाव मानले. दिसायला ते वाक्य, कामाने ते नाव. म्हणून या शास्त्राला पुढे हायब्रिड लॉजिक असे नाव पडले. हायब्रिड म्हटले की आपल्याला ज्वारीचे बियाणे आठवते. येथेही दोन वाणांचा संकरच आहे. आता 'हा अमुक क्षण असेल, तर तो अमुक क्षण पुन्हा येणार नाही' असे नियमात लिहिता येऊ लागले. मोडल लॉजिकचे काहीही टाकून द्यावे लागले नाही. त्याच्या सर्व पदांत नावांची भर तेवढी पडली.

प्रायरच्या दृष्टीने यात मोठे काही पणाला लागले होते. काळ म्हणजे निव्वळ तारखांची मांडणी. 'आधी' आणि 'नंतर' यांपलीकडे त्यात काही नाही, असे मानणारा एक पक्ष होता. प्रायरने १९५९ मध्ये त्याला उत्तर दिले. दुखणे सरल्यावर मनुष्य 'सुटलो एकदाचा' म्हणतो, तेव्हा त्याला काही तारखांचा क्रम सांगायचा नसतो. ते दुखणे आता उरलेले नाही, यातच त्याची सुटका असते. क्षणांना नावे देऊन आपणच तारखांच्या पक्षाला जाऊन मिळू नये, म्हणून त्याने क्षणाला वस्तू न मानता विधान मानले.

१९६२ मध्ये त्याने हाच मुद्दा ईश्वरी ज्ञानाला लावला. परमेश्वर काळाबाहेर असून केवळ कालातीत सत्येच जाणत असेल, तर मँचेस्टरच्या परीक्षा 'आता' संपल्या, हे त्याला कसे कळावे? संत थॉमस अक्वायनस यांनी वेगळा दृष्टांत दिला होता. वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत. उंचावरून पाहणाऱ्याला सारी वाट एकदम दिसते. प्रायरची शंका या दृष्टांताने पुरती फिटते असे आम्ही म्हणणार नाही; पण दोघांचा प्रश्न एकच आहे.

प्रायर १९६९ मध्ये नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे निवर्तला. त्याचा शिष्य रॉबर्ट बुल याने १९७० मध्ये हा विचार पुढे नेला. नंतर तो काहीसा विस्मृतीत गेला. १९८० च्या दशकात बल्गेरियातील सोफिया येथे सॉलोमन पासी आणि टिंको टिंचेव्ह यांनी संगणकाच्या आज्ञावलींचा विचार करताना हीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली. यांपैकी पासी पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. १९९० च्या दशकात पॅट्रिक ब्लॅकबर्न प्रभृतींनी या शास्त्राला स्थैर्य दिले.

घरात अकाली मृत्यू झाला की 'हे ठरलेलेच होते' असे सांत्वन आपण सहज करतो. ज्या मनुष्याने या प्रश्नासाठी आयुष्य वेचले, त्याने हे वाक्य इतक्या सहज मान्य केले नसते. उंचावरून दिसणारी वाट आपल्याला दिसत नाही. आपण वाटेवरचे प्रवासी. मागे पडलेल्या मैलाच्या दगडांना नावे देऊ शकतो आणि पुढचे पाऊल टाकू शकतो. दुःखी माणसापाशी बसताना एवढे भान ठेवले, तरी आपले शब्द जपून येतील.