शर्यतीच्या मोटारीच्या कमानी

जी मोटार ताशीं दीडशें मैलांच्या वेगानें धांवावयाची, तिच्या कमानी टणकच असावयास पाहिजेत, अशी समजूत केवळ सामान्य माणसांचीच नव्हे, तर मोटारी बांधणाऱ्या नामांकित यंत्रज्ञांचीहि किती तरी वर्षें होती. तांग्यांत बसलेल्या माणसास ही समजूत सहज पटण्याजोगी आहे. कमानी नरम असल्या म्हणजे तांगा डुलतो, वळणावर एका अंगाला कलतो आणि आंतील माणसें एकमेकांच्या अंगावर येतात. मग जेथें वेग दसपट, तेथें डुलण्याला वावच नको. कमानी जितक्या ताठ तितकी गाडी स्थिर. हा तर्क वरवर पाहतां इतका बिनतोड दिसतो कीं, तो खोटा ठरविण्यास मोठमोठ्या प्रयोगशाळांना सवड झाली नाहीं. तो खोटा ठरला १९३६ सालीं जर्मनींतील एका डोंगरी रस्त्यावर. आणि ज्यानें तो खोटा ठरविला त्या तरुण यंत्रज्ञानें तोंवर शर्यतीची मोटार कधीं चालविलीहि नव्हती.

मोटारीला रस्त्याचा आधार किती, तर चार चाकांखालीं मिळून चार तळहातांएवढी जागा. वेग वाढविणें, थांबणें, वळणें हीं तिन्ही कामें एवढ्याशा जागेंतून व्हावयाचीं. चाक उंचवट्यावरून उडून क्षणभर जरी अधांतरीं राहिलें, तरी तेवढा वेळ तें निरुपयोगी होतें. तेव्हां कमानीचें पहिलें काम बसणाराला सुख देणें हें नसून चाकाला जमिनीशीं धरून ठेवणें हें आहे. खळगा आला कीं चाकानें त्यांत उतरावें, उंचवटा आला कीं चढावें, आणि वरील गाडीला त्याची दादहि लागूं नये. अतिशय ताठ कमान हें करूं शकत नाहीं. ती चाकाबरोबर सबंध गाडीच उचलते, आणि उचललेली गाडी खालीं येईपर्यंत चालक दैवाच्या हवालीं असतो.

जुन्या शर्यतींच्या गाड्या मात्र याच जातीच्या होत्या. १९२४ सालीं लियों येथील शर्यतींत प्रथम उतरलेली बुगाटीची 'टाइप ३५' ही गाडी घ्या. तिच्या पुढच्या पोकळ आंसाला घडवितांनाच भोकें ठेवून त्यांतून कमानी आरपार नेलेल्या होत्या. पोलादाचें असें सुबक काम क्वचितच पाहावयास मिळतें. परंतु तो आंस एकसंध होता, म्हणजे एक चाक दगडावर चढलें कीं दुसरेंहि तिरपें व्हावयाचें, आणि कमानीहि ताठ होत्या. कमानीचे हेलकावे आवरण्यासाठीं त्या काळच्या गाड्यांवर हार्टफर्डच्या पद्धतीचे, एकमेकांवर घांसणाऱ्या चकत्यांचे शॉक-अॅब्सॉर्बर असत. (हें नांव मुळांतच चुकीचें पडलें. धक्का शोषून घेते ती कमान. हें यंत्र कमानीचें नाचणें थांबवितें.) या चकत्या आवळून शर्यतीपूर्वीं गाडी आणखी ताठ करण्याची चालच पडली होती. इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथें १९०७ सालीं कांक्रीटचा धांवमार्ग बांधण्यांत आला होता. त्यावरील उंचवट्यांवरून उडालेल्या, चारी चाकें जमिनीपासून सुटलेल्या गाड्यांचीं छायाचित्रें लोक कौतुकानें पाहत. यंत्रज्ञांनीं तीं काळजीनें पाहावयास हवीं होतीं.

या विचाराला पहिला धक्का बसला तो शर्यतीच्या क्षेत्राबाहेर. रोल्स-रॉईस सोडून अमेरिकेंत जनरल मोटर्सकडे गेलेला मॉरिस ऑली हा इंग्रज यंत्रज्ञ १९३२ च्या सुमारास एका चमत्कारिक गाडीवर प्रयोग करीत होता. तिच्यावरील वजनें पुढेंमागें सरकवितां येत, कमानी बदलतां येत, आणि आंत बसलेल्या माणसाला बरें केव्हां वाटतें तें पाहिलें जाई. पुढच्या कमानी मागच्यांपेक्षां नरम असाव्यात असा त्याचा निष्कर्ष निघाला. पण जुन्या एकसंध आंसावर नरम कमानी बसवितांच पुढचीं चाकें थरथरूं लागत. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्रपणें टांगावें लागलें, आणि १९३४ सालीं तशा गाड्या अमेरिकेंत विकावयास आल्या. या प्रकरणांतील गणित शाळकरी मुलालाहि समजेल इतकें सोपें आहे. गाडीच्या भारानें कमान दहा इंच दबत असेल, तर गाडी मिनिटाला सुमारें साठ हेलकावे घेते. अडीच इंचच दबत असेल, तर सुमारें एकशें वीस. दबणें चौपट केलें कीं हेलकावे निम्मे होतात. साठ ते नव्वद ही आपल्या चालण्याच्या ठेक्याच्या आसपासची गति असल्यामुळें शरीराला ती सोसते. त्याच्या दुप्पट वेगाचे हादरे सोसत नाहींत.

आतां जर्मनीकडे वळूं. १९३४ पासून मोठ्या शर्यतींना नवा नियम लागू झाला : चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचें वजन ७५० किलोग्रॅमहून अधिक असतां कामा नये. नियम करणारांचा हेतु वेगाला आळा घालण्याचा होता. झालें नेमकें उलट. मर्सिडीझ-बेंझ व ऑटो-युनियन या दोन जर्मन कारखान्यांनीं हलक्या धातूंच्या गाड्यांत प्रचंड एंजिनें बसविलीं. नुकत्याच सत्तेवर आलेल्या हिटलरच्या सरकारनें या उद्योगाला पैसा पुरविला, कारण शर्यतींतील प्रत्येक जय हा राजवटीचा जय म्हणून मिरवावयाचा होता. यंत्रविद्येची अशी पालखी निघाली म्हणजे तिच्यांत कोण बसला आहे हें पाहणें यंत्रज्ञांना परवडत नाहीं, आणि तेव्हांहि तें कोणी पाहिलें नाहीं.

मर्सिडीझच्या 'डब्ल्यू २५' गाडीचीं चारी चाकें स्वतंत्र होतीं, तरी त्यांना वरखालीं व्हावयास जागा फार थोडी होती. मागचा आंस दोन तुकड्यांचा असून ते मध्यभागीं बिजागरीप्रमाणें हलत. म्हणून चाक वरखालीं झालें कीं तें तिरपेंहि व्हावयाचें. १९३५ सालीं या गाडीवर रुडॉल्फ काराचिओला यूरोपचा अजिंक्यवीर ठरला. पुढच्या वर्षीं गाडी आंखूड करून एंजिनाची शक्ति वाढविण्यांत आली, आणि तेथेंच घात झाला. मोनाको आणि ट्यूनिस या दोन शर्यती काराचिओलानें जिंकल्या. नंतर मात्र ऑटो-युनियनचा बर्न्ट रोझेमायर एकामागून एक शर्यती जिंकूं लागला. जुलैंत जर्मन ग्रां-प्रीमध्यें मर्सिडीझवरील लुई शिरों याला भीषण अपघात होऊन तो जखमी झाला; त्या कारखान्याच्या शर्यतीच्या गाडींत तो पुन्हां बसला नाहीं. ऑगस्टमधील स्विस शर्यतीनंतर कारखान्यानें त्या वर्षापुरती माघारच घेतली. चालक एवढेंच सांगत कीं, गाडी हातांत राहत नाहीं. कां राहत नाहीं, हें सांगणें त्यांचें काम नव्हतें, आणि ज्यांचें होतें ते कारखान्यांत नकाशांपुढें बसलेले होते.

या वेळीं शर्यतीचा नवा विभाग काढून त्याचें तांत्रिक काम रुडॉल्फ ऊलेनहाउट याजकडे सोंपविण्यांत आलें. त्याचें वय तीस. जन्म लंडनमधला, वडील जर्मन व आई इंग्रज. तोंवर तो घरगुती गाड्यांच्या चांचण्या करीत असे. दुसरा कोणी असता तर त्यानें प्रथम चालकांच्या तक्रारींचें टिपण मागविलें असतें. हा गृहस्थ दोन गाड्या घेऊन आयफेलच्या डोंगरांत न्यूरबुर्गरिंगवर गेला आणि स्वतःच चालवूं लागला. हा मार्ग १९२७ सालीं खुला झाला. एक फेरी जवळजवळ तेवीस किलोमीटरांची, चढउतारांची, दीडशेंहून अधिक वळणांची, आणि कांहीं ठिकाणीं अशी कीं गाडी खरोखरच हवेंत जाते. आरंभीं हळू, मग जोरानें, अशा फेऱ्यांमागून फेऱ्या त्यानें घातल्या. ज्याला गाडी बांधतां येते आणि शर्यतीच्या वेगानें चालवितांहि येते असा मनुष्य त्या काळांत विरळा होता. ऊलेनहाउट तसा निघाला.

त्याला जें आढळलें तें थोडक्यांत असें. कमानी इतक्या ताठ होत्या आणि गाडीचा सांगाडा इतका लवचिक, कीं खळग्यांचा भार कमानीऐवजीं सांगाडाच घेत होता. वजन वांचविण्यासाठीं जागजागीं भोकें पाडलेला तो सांगाडा वांकत होता, पिळत होता. म्हणजे तोच कमान बनला होता, आणि त्याचे हेलकावे आवरणारा शॉक-अॅब्सॉर्बर मात्र कोठेंच नव्हता. सांगाडा वांकला कीं चाकांची दिशा बदलते. चालकानें चक्र एका अंगाला धरावें आणि गाडीनें थोडें निराळेंच मनांत आणावें, असा तो प्रकार होता.

उपाय सरळच होता, पण प्रचलित समजुतीच्या उलट. सांगाडा ताठ करावयाचा, कमानी नरम. १९३७ सालच्या 'डब्ल्यू १२५' या गाडीला अंडाकृति छेदाच्या पोलादी नळ्यांचा मजबूत सांगाडा देण्यांत आला. पुढें नरम, लांब पल्ल्याच्या गुंडाळी कमानी. मागें पिळाच्या पोलादी दांड्या. आणि हेलकावे आवरण्यास तेलाचे शॉक-अॅब्सॉर्बर. मागील चाकें 'द दियों' पद्धतीच्या नळीनें जोडलीं, त्यामुळें तीं वरखालीं झालीं तरी उभींच राहत. ही युक्ति एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, आणि द दियोंची नव्हेच. ती त्याचा भागीदार त्रेपार्दू याची. हा त्रेपार्दू वाफेच्या यंत्राचा इतका अभिमानी होता कीं, भागीदार पेट्रोलकडे वळतांच तो १८९४ मध्यें बाहेर पडला. नांव मात्र मागें राहिलेल्याचें झालें.

सुमारें पावणेसहाशें अश्वशक्तीची ती गाडी शर्यतींत उतरली, आणि ट्रिपोली, न्यूरबुर्गरिंग, मोनाको, बर्न अशा एकाहून एक निराळ्या मार्गांवर मर्सिडीझ जिंकली; काराचिओला पुन्हां यूरोपचा अजिंक्यवीर झाला. ऑक्टोबरांत इंग्लंडांतील डॉनिंग्टन येथें मात्र रोझेमायरनेंच बाजी मारली, आणि तीहि जुन्या बिजागरीच्या आंसाच्या गाडीवर. असा एखादा चालक यंत्रशास्त्राचे नियम वांकवून जातो. परंतु त्याच्या भरंवशावर गाडी बांधतां येत नाहीं. जानेवारी १९३८ मध्यें विक्रमाच्या प्रयत्नांत रोझेमायर मरण पावला. त्याच वर्षीं ऑटो-युनियननेंहि नव्या गाडीस द दियोंची नळी बसविली.

एक शंका येथें उरते. नरम कमानींची गाडी वळणावर अधिक कलणार. मग तिचा भार बाहेरच्या चाकांवर अधिक नाहीं का पडणार? बहुतेकांची चूक येथेंच होते. भार बाहेर किती सरकतो हें मुख्यतः गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आणि दोन चाकांमधील अंतर किती, यावर ठरतें. कलणें हें डोळ्यांना दिसतें म्हणून दोष त्याच्या माथीं बसतो. कमानींच्या हातीं असतें तें निराळेंच : सरकलेल्या भारापैकीं पुढच्या जोडीनें किती उचलावा आणि मागच्या जोडीनें किती. जी बाजू अधिक ताठ ती अधिक वांटा घेते. आणि टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नसल्यामुळें ती बाजू आधीं घसरते. पुढची बाजू फार ताठ असली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊं पाहते. मागची फार ताठ असली तर शेपूट फिरवते. आजहि शर्यतीच्या मार्गावर गाडी जुळवितांना मुरब्बी मनुष्य याच सूत्रानें चालतो. आधीं चाक जमिनीवर राहील इतकी नरम कमान, मग तिला आवरील इतकाच शॉक-अॅब्सॉर्बर, मग पुढचीमागची तुलना. आणि एका वेळीं एकच फेरफार, नाहीं तर गुण कशाचा व अवगुण कशाचा हें कळत नाहीं. हौशी मनुष्य सर्वांत ताठ कमान विकत आणतो आणि गाडी नाचूं लागली कीं टायरला दोष देतो.

ऊलेनहाउटचें सूत्र पुढें चाळीस वर्षें टिकलें. इंग्लंडांत लोटसच्या कॉलिन चॅपमननें तेंच उचललें. १९६२ सालची त्याची 'एलान' ही गाडी ताठ पोलादी कण्यावर नरम कमानींनीं बसविलेली होती. पण तें सूत्र उलटविणाराहि चॅपमनच निघाला. १९७७ पासून त्यानें गाडीच्या पोटाला उलट्या पंखाचा आकार दिला, आणि धांवतांना वाराच गाडीला जमिनीवर दाबूं लागला. हा दाब टिकावा तर गाडी आणि जमीन यांमधील फट जराहि बदलतां कामा नये; म्हणजे कमानी पुन्हां ताठ, इतक्या ताठ कीं त्या नसल्यासारख्याच. १९७८ सालीं मारिओ आंद्रेत्ती लोटसवर जगज्जेता झाला. परंतु पुढील तीनचार वर्षांत चालकांचीं शरीरें हादऱ्यांनीं जर्जर झालीं, आणि १९८३ पासून गाडीचें पोट सपाट ठेवण्याचा नियम करावा लागला. विजेच्या मेंदूनें क्षणोक्षणीं उंची सांभाळणाऱ्या कमानींवर विल्यम्सच्या गाड्यांनीं १९९२ व १९९३ अशीं दोन्ही वर्षें जिंकलीं; १९९४ पासून त्यांनाहि बंदी झाली.

२०२२ सालीं नव्या नियमांनीं पोटाखालच्या वाऱ्याला पुन्हां मोकळीक मिळाली. गाड्या जमिनीलगत आणि कमानी कमालीच्या ताठ झाल्या, आणि सरळ रस्त्यावर त्या वरखालीं आपटूं लागल्या. जून महिन्यांत बाकू येथील शर्यत संपल्यावर लुइस हॅमिल्टनला गाडींतून धड उतरतां येईना. पाठ धरून तो कसाबसा बाहेर आला. त्याची गाडी मर्सिडीझचीच होती. त्यानंतर शर्यतींच्या मध्यवर्ती संस्थेनें, गाडीनें वरखालीं किती आपटावें याला त्याच हंगामांत मर्यादा घालून दिली.