गाव सोडलं ते कशासाठी?

स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्या असे विहार समितीच्या मंडळींनी सांगितले, तेव्हा मी म्हटलं, मी गिरणीतला माणूस, मला लेख काय जमणार? मग वाटलं, आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची एक गोष्ट सारखीच आहे. कोणीतरी एक दिवस गाव सोडलं. ती तरी लिहून ठेवावी.

आमच्या आबाजींनी दारव्हा तालुक्यातलं गाव सोडलं ते १९३५ च्या सुमारास. १९२९ नंतर जगभर मंदी आली, कापसाचे भाव पडले आणि कापसावर जगणाऱ्या वऱ्हाडात मजुराला काम राहिलं नाही. आबाजी पाटलाकडे सालदार होते. लोक म्हणतात, गावात राहणं स्वस्त. घरभाडं नाही, सरपण फुकट, पाणी फुकट. (पाणी फुकट होतं, पण आपल्यासाठी विहीर नव्हती, ही गोष्ट वेगळी.) आबाजींचा हिशेब निराळा होता. झोपडीची जागा पाटलाच्या मर्जीवर. म्हणून हाक आली की जाणे भाग. सांगावा पोचवा, लाकडं फोडा, मेलेलं ढोर ओढा. त्याचे पैसे मागायची सोय नव्हती. साल ज्वारीत ठरे अन् घेतलेली उचल काही केल्या फिटत नसे. भाडं नव्हतं हे खरं, पण त्या जागेपायी माणूस रोज राबत होता.

दारव्ह्याहून ते 'शकुंतला' गाडीत बसले. यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी लाईन इंग्रज कंपनीने टाकली ती आपला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी. माणसांची सोय व्हावी हा काही तिचा हेतू नव्हता. पण त्याच डब्यांतून आपले लोकही बाहेर पडले. मूर्तिजापूरला मोठी गाडी, तिथून बडनेरा, पुलगाव, नाहीतर थेट नागपूर. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली होती. इकडचे महार पूर्वी जाडंभरडं कापड विणत. गिरणीच्या कापडाने तो धंदा बसवला आणि सुताची सवय असलेले ते हात गिरणीतच मजुरीला लागले.

आबाजी पुलगावला थांबले. तिथे खोलीला भाडं पडलं, तेल-मीठ विकत, सरपणसुद्धा विकत. तरी आजी शेवटपर्यंत म्हणायची, "बाप्पा, पुलगाव स्वस्त होतं." कारण पगार रोख होता आणि पाळी संपली की कोणी हाक मारत नव्हतं.

गिरणीत जात संपली होती असं मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होतो म्हणे. १९२८ च्या संपात परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे त्याची चर्चा झाली.

पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना तिथलीच, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या परिषदेत आणखी एक ठराव झाला, तो फारसा सांगितला जात नाही. सरकारच्या पडीत जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावं वसवा, असा तो ठराव होता. १९४७ साली घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनातही बाबासाहेबांनी ही मागणी घातली. म्हणजे जागा बदलणे हा त्यांच्या लेखी प्रत्येकाच्या घरचा खाजगी प्रश्न नव्हता, राज्याने करायचं काम होतं. आपण मात्र ते एकेकट्याने केलं, बोचकं डोक्यावर घेऊन.

माझं स्वतःचं सांगतो. तरुणपणी यवतमाळला गिरणीत लागलो, तेव्हा कामाच्या जवळ एक खोली पाहिली. भाडं परवडण्यासारखं होतं. घरमालकाने चहा दिला, आडनाव विचारलं आणि म्हणाला, "पाहुणे येणार आहेत, खोली द्यायची नाही." मग दूर या वस्तीत आलो. इथे कोणी आडनाव विचारलं नाही, विचारलं ते एवढंच की विहाराच्या बांधकामाला रविवारी येणार का. रोज सायकलने कामावर जायचो. एक तास जाई.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. शकुंतलाही आता धावत नाही. आता आपली पोरं ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून पुण्याला जातात, चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत. माझा धाकटा निघालाय. परवा कागद घेऊन बसला होता, पगार इतका, खोली इतकी, मेस इतकी, घरी इतके पाठवीन. मी म्हटलं, बाबू, हिशेब बरोबर आहे, पण खोलीवाल्याला फोन लाव आणि आधी आपलं आडनाव सांग. भाड्याचा आकडा मग लिही.

तो फोन लावायला अंगणात गेला.